दुसऱ्याच्या हाताची आंघोळ

आमच्या गल्लीत सगीरा आपा कुणाच्या दारात उभी राहिली की घरातली बाई आधी तिच्या हाताकडं बघायची. हात रिकामा असला तर "या आपा, बसा." हातात कापडी पिशवी असली तर विचारायचं कामच नाय, त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असायचं. उस्मानपुऱ्यातल्या मुसलमानांमधली बाई मेली की तिची शेवटची आंघोळ आपा घालायची. त्याला त्यांच्यात गुसल म्हणतात. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बाईच. आपाला हे सासूनं शिकवलं, आणि त्या सासूला शेवटी आपानंच आंघोळ घातली.

मी द्वारकाबाई. मूळची पिशोरची, लग्न होऊन इथं आले ती इथलीच झाले. होस्टेलच्या पोरांना भाकऱ्या करून देते. आपाची आणि माझी भिंत एक. माझ्या चुलीमागं तिची मोरी, त्यामुळं तिच्या घरी कोण कधी आंघोळीला गेलं ते मला इथं बसून कळतं. खोटं कशाला बोलू, नवीन होते तेव्हा मी तिला लई भ्यायचे. तिच्या हातचा शीरखुर्मा घ्यायचे आणि दार लावलं की भांड्याकडं बघत बसायचे. मग एका ईदला भूक लागलेली होती, खाल्ला. काही झालं नाय. पुढं तर आमचं इतकं जमलं की तिच्या भांडणात मी आणि माझ्या भांडणात ती.

पण गल्ली काय सुधरली नाय. बाळंतिणीच्या घरी आपाला कुणी बोलवायचं नाय. आजाऱ्याला बघायला गेली तर "आत्ताच डोळा लागलाय" म्हणून दारातूनच वाटंला लावायचे. कारण ती आजाऱ्याच्या तोंडाकडं बघतच नसे, पायाकडं बघायची. माझ्या दिराच्या वेळंला ती अशीच पायथ्याशी उभी राहिली, चादर थोडी सारली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "गावाकडच्यांना बोलवून घे." डॉक्टर तर म्हणत होता दोन दिवसांत घरी सोडतो. गावाकडची माणसं आली ती तिरडीलाच आली.

कुणी तोंडावर बोललं तर आपा हसायची. "अगे, माझ्या नजरेनं माणूस मरत असता तर माझा नवरा लग्नाच्या दिवशीच गेला असता. चांगला म्हातारा होऊन गेला, मला छळून छळून."

अशी तोंडाळ बाई. पण एका गोष्टीत मात्र ती हसायची नाय. म्हणायची, "द्वारका, दुसऱ्याच्या हाताची आंघोळ माणसाला दोनदा. एक आईच्या हातची, एक गुसलवालीच्या हातची. मधलं सगळं पाणी आपल्या हातानं घ्यायचं. ज्या दिवशी घरातल्या कुणी माझ्या अंगावर तांब्या ओतला, त्या दिवशी समज आपा संपली."

"अहो आपा, तिन्हीसांजंचं असलं काय बोलता," मी ओरडायचे. "वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे," म्हणायची. "माझ्या घरात वास्तू नाय, नळालाच पाणी नाय."

मग तिचे गुडघे गेले.

आयुष्यभर जमिनीवर पाटावर बसून आंघोळ करणारी बाई. आधी उठताना भिंतीला हात लावायची, मग नळाला. नळ हलायला लागला. माझ्या चुलीपाशी मला ऐकू यायचं, बादलीत तांब्या बुडायचा, पाणी पडायचं, आणि मग आंघोळ संपल्यावर कितीतरी वेळ काहीच नाय. ती उठायचा प्रयत्न करायची. मधूनच "या अल्लाह" एवढं ऐकू यायचं. मी थापलेली भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहायचे. कडी वाजली की मग माझा जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस ती उठलीच नाय. सून उजमा बाहेरून "अम्मी, येऊ का?" म्हणून रडकुंडीला आली. आतून शिव्या. शेवटी आपा ढुंगणावर सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आली, ओलं नेसूनच. त्या दिवशी तिच्या तोंडावर जो रंग होता तो मी आधी कधी बघितला नव्हता. मेलेल्यांत वावरणारी बाई, ती भ्यालेली होती.

उजमा साधी पोरगी. माहेर फुलंब्रीचं. सासूसमोर मान वर करून बोलणार नाय, जेवलीस का विचारलं तर "जी अम्मी" एवढंच. तिचा नवरा जुनेद, आपाचा एकुलता एक, वाळूजला कंपनीत. त्याची शिफ्ट बदलती, तो घरी आला की झोपलेला. म्हणून आम्ही तिघी बायाच रिक्षा करून स्टेशन रोडच्या बाजूला एका दुकानात गेलो. वॉकर, काठ्या, पाठीचे पट्टे, असलं सगळं विकणारं दुकान. मालक इंद्रजीत म्हणून तरुण माणूस होता, बोलायला गोड.

आपानं आत पाय ठेवला आणि उभी राहिली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, पाय नसलेल्या माणसाचे पाय. हळूच मला म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांचं आधीचं दुकान दिसतंय हे."

"गप बसा," मी म्हणलं.

इंद्रजीतनं एकेक काढून दाखवलं. पहिलं एक स्टूल, पाय कमीजास्त उंच करता येतात असं, खाली जाड रबर. आपा बसली. बसणं जमलं, उठणं नाय, हाताला धरायलाच काही नव्हतं. मग चाकाची खुर्ची, मधे भोक असलेली. ती बघूनच आपानं तोंड फिरवलं. "ही ढकलायला माणूस लागतो. माणूस नको म्हणून तर आले इथं." मग त्यानं पांढरी खुर्ची आणली, पाठ असलेली, दोन्ही बाजूंना हात असलेली, बसायच्या जागी पाणी निथळायला भोकं. आपा बसली. दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर दाबले आणि उठली. परत बसली, परत उठली. मी पाच-सहा वर्षांत तिला असं उठताना बघितलं नव्हतं. उजमाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हीच," आपा म्हणाली. "हौ, हीच पाहिजे."

"आजी, मोरीचं माप आणलंय का?" इंद्रजीतनं विचारलं. "हिचे पाय बाहेर फाकलेले असतात. म्हणून तर ती कलंडत नाय. पण जागा लागते."

माप कोण आणतंय! आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. त्यानं खुर्चीच्या पायांमधलं अंतर एका सुतळीनं मोजलं, गाठ मारली आणि ती सुतळी उजमाच्या हातात दिली. घरी आल्याबरोबर उजमानं ती मोरीत धरली. एक टोक भिंतीला लावलं तर दुसरं ड्रमच्या पार पोटापाशी गेलं, म्हणजे खुर्ची बसणार नव्हती.

आता हे बाहेरच्याला सांगावं लागतं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी नाय. आठवड्यानं येतं, कधी त्याच्याबी पुढं जातं. म्हणून ज्याच्या-त्याच्या घरात ड्रम. निळे, कमरेएवढे. आपाच्या मोरीत असे दोन, एका बाजूला हौद, आणि माणसानं आंघोळ करायची ती उरलेल्या फटीत. पाहुणे हसतात, पण उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळालेला माणूस ड्रमला हात लावू देत नाय.

जुनेद उठल्यावर त्याला विचारलं. "एक ड्रम काढू या ना," उजमा म्हणाली. तिचं हे लांबलचक वाक्य ऐकून मीच चकित झाले.

"कुठं ठेवू? डोक्यावर?" तो खेकसला. "गल्लीत ठेवला तर पाणीबी जाईल आणि ड्रमबी जाईल. बैठकीत ठेवू? लोक काय म्हणतील?" मग आईकडं बघून नरम झाला. "अम्मी, मी बघतो मोबाइलवर. बारक्या मोरीसाठीबी येतं काहीतरी."

त्यानं मागवलं ते आलं. मी तिथंच होते, लसूण सोलायला बसलेले. लांब खोक्यातून त्यानं ते काढलं. एक लांबोळकी पांढरी फळी. बाहेरच्या देशात आंघोळीच्या टबावर आडवी टाकतात म्हणे. जुनेदनं डोकं चालवलं होतं, एक टोक हौदाच्या कठड्यावर, दुसरं समोरच्या ओट्यावर, ड्रमला धक्का लागत नाय. आईनं बाहेरच्या बाजूनं बसायचं आणि सरकत आत जायचं. पाणी निथळायला फळीला उभ्या खाचा होत्या. हुशारीचं होतं, मी नाय म्हणत नाय.

त्यानं ती सतरंजीवर ठेवली आणि आईकडं कौतुकानं बघितलं.

आपानं वाकून फळीच्या एका टोकाला पंजा टेकवला, मग वीत वीत टाकत दुसऱ्या टोकापर्यंत गेली. गुसलसाठी मशिदीतून तख्ता आणतात, लाकडी, त्यालाबी मधे पाणी जायला खाच असते. तो ती तसाच मोजून घ्यायची, मयत उंच असली तर. तख्त्याचं आपानंच मला कधी सांगितलेलं, म्हणून मला कळलं. उजमाला कळलं. जुनेदला नाय कळलं, पुरुषाला कसं कळणार, बायांच्या गुसलमधे पुरुष कुठं असतो.

"डोकं इकडं," आपा म्हणाली आणि हात काढून घेतला.

"अम्मी, डोकं नाय, बसायचं असतं त्याच्यावर."

"मला माहितीय त्याच्यावर काय असतं. उचल हे."

"पण अम्मी..."

"उचल म्हणलं ना! आणि माळ्यावर नको टाकू. घराच्या बाहेर ने."

माझ्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली ती मी उचलली पण नाय. नसती वस्तू घरात आली, असं वाटलं. मी देवभोळी आहे, मला माहितीय, पण त्या दिवसापासून मला त्या घरात काहीतरी वाईट होणार असं वाटायला लागलं ते वाटायलाच लागलं.

दुसऱ्या दिवशी आपानं स्वतःच निवड केली. घरातलं प्लास्टिकचं स्टूल, चहावाल्याकडं असतं तसलं, लाल. जागा कमी लागते. आणि भिंतीला दाबून चिकटवायची दांडी, रबराच्या दोन वाट्यांची, तीबी जुनेदनं मागवली. दाबली की चिकटते, खिळा नको, भोक नको. आपानं दोन्ही हातांनी ओढून बघितली, निघाली नाय. "बघ," मला म्हणाली, "कुणाची मेहरबानी नको."

मी त्या स्टुलावर बसून बघितलं. माझ्याखाली ते थोडं फाकलं. त्याच्या पायाला रबर-बिबर काही नाय, खाली शहाबादी फरशी, वर्षानुवर्षं साबण आणि खारं पाणी पिऊन बुळबुळीत झालेली. मी म्हणलं, "आपा, हे लक्षण चांगलं नाय. त्या दुकानातलं रबराचं तरी आणा."

"त्याला हात नाय, ह्याला हात नाय. काय फरक?"

"पडाल!"

"पडले तर तू आहेसच भिंतीपलीकडं. तुझे कान काय भाकऱ्या थापत असतात का?"

मग रोज सकाळी माझे कान भिंतीला. स्टूल सरकल्याचा आवाज, दांडीचं रबर कुरकुरल्याचा आवाज. भिंतीवरच्या जुन्या टाइल्सना क्षार चढलेला, खरखरीत, त्याच्यावर रबर कितीसं धरणार! उजमाला मी म्हणलं, तिला आतून कडी लावू देऊ नको. उजमानं सांगून बघितलं. आपा कडी लावायचीच. भाकरीचं पीठ मळावं तर हात चालायचे नाय माझे. एक दिवस गेला, दुसरा गेला. काही होत नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटत होती.

त्या दिवशी मी तवा तापवत होते. आधी फट् करून आवाज आला, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. मग प्लास्टिक घासलं. मग ड्रमवर काहीतरी जोरात आपटलं, आख्खी भिंत घुमली. आणि मग नुसतं पाणी. तांब्या कलंडून वाहणारं पाणी.

"आपा!" मी ओरडले.

मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. उजमा मोरीचं दार बडवत होती. जुनेद कामावर. आम्ही दोघींनी खांदे लावले, पत्र्याचं दार, कडी निखळली. आपा हौद आणि ड्रमच्या मधे पडली होती, एक पाय भलतीकडंच वळलेला. डोळे उघडे होते. तोंडावर दुखण्याचं काही दिसत नव्हतं, तिचं सगळं लक्ष परकर ओढून घेण्यात. डोक्याला साबण तसाच. फेस कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

उजमानं घाईनं तांब्या भरला, डोळे धुवायला.

"नाय!" आपा किंचाळली. असा आवाज मी तिचा कधीच ऐकला नव्हता. "पाणी टाकायचं नाय! खबरदार! कपडा दे, मी पुसते."

त्या साबणासकट तिला आम्ही दवाखान्यात नेलं. वाटेत तो केसांत वाळला, पांढरा चट्टा झाला. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती छताकडं बघत होती आणि म्हणत होती, "मी म्हणलं नव्हतं, फळी बघून? म्हणलं नव्हतं?" मी रिक्षावाल्याला जोरात घे म्हणलं.

खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. तिथल्या आयाबाई ओलं फडकं घेऊन अंग पुसायला आल्या तर तिनं फडकं हिसकावून घेतलं, जमेल तेवढं स्वतः पुसलं. घरी आणलं. वॉकर धरून चार पावलं टाकायची आणि घामाघूम व्हायची. हात वर करायची पण ताकद नाय, तर आंघोळ कुठली. डोक्याला वास यायला लागला. आम्हीच तिला अत्तर लावायचो, त्यानं तो वास अजून वाईट लागायचा.

बाया बघायला यायला लागल्या. ज्या कधी तिला दारात उभं करत नव्हत्या, त्याबी आल्या. आपाच्या खाटेपाशी जरा बसायच्या, मग आत जाऊन उजमाच्या कानाला लागायच्या. मी ऐकलंय. "तुला येतं ना सगळं? आपानं शिकवलंय ना?" उजमा मान हलवायची. आपानं एकदा तिला बरोबर नेलं होतं, फुलंब्रीच्या एका नातेवाईक बाईच्या वेळंला. तेवढंच. बाया म्हणायच्या, "हां, मग ठीक आहे. आपल्या आपाला दुसरीनं कुणी हात लावला नाय पाहिजे." माणूस जित्तं आहे, पलीकडच्या खोलीत पडलंय, आणि ह्यांची तयारी! मला असा राग आला की मी तिथंच एकीला म्हणलं, "बाई, तुमच्या घरी दूध उतू चाललं असेल, जा."

पण खरं सांगते, मलाबी रात्रंदिवस तेच वाटत होतं.

मग पट्टी बदलायला येणारी नर्स म्हणाली, पाठ लाल झालीय. कमरेखाली कातडी निघायला लागलीय. रोज धुवा, कोरडी करा, उघडी हवा लागू द्या, नाय तर जखम होईल आणि म्हाताऱ्या माणसाची तसली जखम भरत नाय, माणूसच घेऊन जाते. आपानं सगळं ऐकून घेतलं. तिच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? तिनं असल्या पाठी धुतल्यात.

नर्स गेल्यावर तिनं स्वतःच पाठीखाली हात घालून बघितला. मग म्हणाली, "जुनेदला सांगा, ती खुर्ची आणायची. हातवाली."

"आणि जागा?" मी विचारलं.

जुनेद दारात उभा होता. तो आत गेला. त्यानं एक ड्रम रिकामा केला, पाणी मिळेल त्या भांड्यात भरलं, आणि ड्रम घसटत बैठकीत आणून सोफ्याच्या शेजारी ठेवला. लोक काय म्हणतील ते म्हणोत. परत येऊन आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आपानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाय, रागानं म्हणाली, "आता काढतोस होय ड्रम! जा, खुर्ची आण."

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. आपानं पेटीतला सलवार-कुर्त्याचा पांढरा जोडा काढायला लावला, धुऊन ठेवलेला. मी म्हणलं, "पांढराच कशाला, तो हिरवा चांगला दिसतो तुम्हाला." म्हणाली, "पांढराच." जुनेद कामावर गेला नाय. बैठकीत ड्रमला टेकून तसबीहची माळ ओढत बसला. त्या घरात त्या सकाळी काय होणार ते जणू सगळ्यांना माहीत होतं.

खुर्ची मोरीत नीट बसली. चारी पायांना जाड रबर, हलवून बघितली, जागची हलली नाय. आम्ही आपाला दोन्ही बाजूंनी धरून आणलं आणि बसवलं. तिनं खुर्चीचे हात धरले. उजमानं गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चादर टाकली, चादरीखालून कपडे काढले. गरम पाण्याची बादली मी आणून ठेवली. उजमानं खाली बसून काहीतरी केलं, मला दिसलं नाय. मग तिनं तांब्या भरला. ओठ घट्ट मिटलेले, तोंडावर रक्त नाय. आधी आपाचे हात धुतले, मग चादर उचलून खालून धुवायला डावा हात पुढं केला.

आपानं डोळे उघडले आणि तो हात बघितला. हाताला कपडा गुंडाळलेला होता. बोटांपासून मनगटापर्यंत, व्यवस्थित, गाठ मारून.

मला त्यातलं काय कळणार! मी विचारणार तेवढ्यात आपाच बोलली. हळू आवाजात. "उजमा. हे हाताला काय बांधलंस?"

उजमा जागच्या जागी थिजली.

"मयतीच्या अंगाला उघडा हात लावत नाहीत म्हणून कपडा बांधतात," आपा म्हणाली, म्हणजे मला सांगत होती, पण बघत होती सुनेकडं. "ही मला गुसल देतीय, द्वारका. जित्तेपणीच उरकतीय मला."

"अम्मी..." उजमाच्या हातातला तांब्या पडला. "अम्मी, मला दुसरं येतच नाय. मोठ्या माणसाला आंघोळ कशी घालतात... मी तेवढंच बघितलंय. तुम्हीच दाखवलंय."

बाहेर जुनेदच्या तसबीहचा आवाज थांबला. मला वाटलं, आता हिचं काहीतरी होतंय, आता मान टाकते. आणि आपाचे ओठ हलायला लागले. ती हसतीय का कलमा पढतीय तेच कळेना.

"सोड तो कपडा," ती म्हणाली. "सोड! उघडा हात लाव. मी गरम आहे का थंड, बघ."

उजमानं गाठ सोडली. तिनं उघडा हात सासूच्या पाठीवर ठेवला, भीत भीत.

"गरम," ती म्हणाली.

"मग बोल."

"काय बोलू?"

"काहीबी! तिथं कुणी बोलत नाय, उजमा. मी इतक्या बायांना आंघोळ घातली, एका शब्दानं कुणाशी बोलले नाय. त्याच एका आंघोळीला माणसं गप्प असतात. तू गप्प राहिलीस ना, तर मी खरंच मरेन भीतीनं. मेलीस का गं? बोल की!"

आणि मग ती पोरगी बोलायला लागली. एवढ्या वर्षांत जिनं "जी अम्मी"च्या पुढं मजल मारली नव्हती ती. आधी आवाज फुटेना, मग फुटला तो थांबेना. "कडी का लावली होती? किती वेळा सांगितलं कडी लावू नका, सांगितलं का नाय? त्या टपरीवरच्या स्टुलावर बसून कोण आंघोळ करतं? आणि फळी नको, खुर्चीला जागा नाय, मग मला का नाय हाक मारली? मी काय परकी आहे? हात वर करा. दुसरा. मी दाराबाहेर उभी राहून रोज रडायचे, तुम्हाला माहितीय? डोळे मिटा, साबण लावतीय." रडत होती, भांडत होती आणि आपाचं डोकं खसाखसा चोळत होती. त्या वाळलेल्या साबणाचा मळका फेस आपाच्या मांडीवर पडत होता.

आपा डोळे मिटून ऐकत होती. खुर्चीचे हात तिनं अजून घट्ट धरलेले. उजमा दम घ्यायला थांबली की तिची बोटं पांढरी पडायची आणि ती म्हणायची, "पुढं बोल."

उजमाचं भांडण संपलं. तिला काही सुचेना. आपाची बोटं परत पांढरी व्हायला लागली, तसं मीच तोंड उघडलं. पिशोरला भाचीचं जमतंय म्हणून सांगितलं, पोरगा बरा आहे पण कान मोठे आहेत म्हणून सांगितलं. उजमानं विचारलं, किती मोठे? मी हातानं दाखवलं. बाहेरून जुनेद म्हणाला, "मावशी, एवढे नसतील." बादलीचा तळ लागला, आपाचं अंग आम्ही कोरडं केलं, आणि तरी आम्ही तिघं बोलतच होतो, कारण थांबायचं धाडस कुणालाच होईना.